घर पास झालं

कोल्हापुरात कुणाच्या घरात शिरून बिनचहाचं बाहेर पडणं म्हणजे खायचं काम नाही. माणूस विजेचं मीटर बघायला आलेला असो, मतदार यादी तपासायला आलेला असो, नाहीतर निव्वळ पत्ता चुकून दारात उभा राहिलेला असो, "आवो पावणं, असं कसं, घोटभर तरी घ्या की" म्हणत त्याला हाताला धरून खुर्चीत बसवतात. आणि तो तरीही नको म्हणाला, तर मनाला लावून घेतात. नुसतं मनाला लावून घेऊन थांबत नाहीत, तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्याच्याबद्दल एक पक्कं मत तयार करून ठेवतात. अशा गावात श्रीपाल चौगुले हा माणूस रोज दोन-तीन अनोळखी घरांत शिरायचा आणि कोरड्या घशानं बाहेर यायचा. पाठीवरच्या पिशवीत घरून उकळून आणलेल्या पाण्याची बाटली असायची. ती तो गल्लीबाहेर आल्यावर, स्कूटरला टेकून तोंडाला लावायचा.

लोकांना वाटायचं, जैन माणूस आहे, पाळत असेल काहीतरी. श्रीपालही तसं वाटू द्यायचा, कारण ते सोपं होतं. खरं कारण धर्माचं नव्हतंच. त्याच्या बापानं जन्मभर जयसिंगपूरच्या बाजारात मापाड्याचं काम केलं. एका बाजूला शेतकऱ्याचा माल, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याची गादी, आणि मध्ये काटा धरून उभा बाप. तो शेतकऱ्याच्या फडक्यातली भाकरी खायचा नाही आणि व्यापाऱ्याचा चहा प्यायचा नाही. एकदा कुणाचा चहा घेतला की काटा बघताना डोळा त्याच्याकडं वळतो, असं त्याचं म्हणणं. बाजारात त्याला लोक मानायचे, पण त्याच्याशेजारी कुणी बसायचं नाही. श्रीपालनं हे दोन्ही लहानपणी पाहिलं होतं आणि त्यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं.

श्रीपाल सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं बिल्डरांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून उन्हात काढली. मग गुडघे बोलायला लागले, आणि त्याच सुमाराला पंचगंगेला दोन वर्षांच्या अंतरानं दोन पूर येऊन गेले. पुरानंतर विमा कंपन्या शहाण्या झाल्या. त्यातल्या एकीनं ठरवलं, की नदीकडच्या पेठांमधल्या जुन्या घरांना माणूस पाठवून तपासल्याशिवाय पॉलिसी द्यायची नाही. तो माणूस म्हणजे श्रीपाल. घर बघायचं, फोटो काढायचे, आणि विमा द्यावा की देऊ नये ते कंपनीला कळवायचं, एवढंच काम.

आता, घर बघायला माणूस येणार म्हटल्यावर लोक काय करतील? मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी तयारी करायचे. ओल आली असेल तिथं कपाट सरकवायचं, तडा असेल तिथं कॅलेंडर टांगायचं, आणि अगदीच काही लपेना तिथं देवाचा फोटो. देवाचा फोटो काढा म्हणायची कुणाची छाती होणार? श्रीपाल आधी हात जोडायचा आणि मग म्हणायचा, "तेवढा फोटो जरा बाजूला घ्या." फोटोमागं काय असायचं ते त्यालाही माहीत असायचं आणि घरच्यांनाही. मग सगळे मिळून त्या तड्याकडं असं बघायचे, जसा काही तो आत्ताच, श्रीपालच्या पायगुणानं पडला आहे.

त्याची पद्धत साधी होती. हात सपाट भिंतीवर ठेवायचा, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा, आणि थोडा वेळ काही बोलायचं नाही. मग बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत वरून खाली यायचं. भिंत भरीव असली की एक आवाज येतो, पोकळ असली की दुसरा, आणि आतून भिजून खचायला लागली असली की आवाजच येत नाही. हा तिसरा प्रकार त्याला नको वाटायचा.

नोकरीत एक गोष्ट त्याला सक्त मना होती. जे दिसलं ते घरमालकाला सांगायचं नाही. कंपनीला कळवायचं, कंपनी काय ते ठरवेल, घरमालकाला फक्त 'मंजूर' नाहीतर 'नामंजूर' कळेल. का नामंजूर, ते विचारायचं नाही. हा नियम ज्यानं केला त्याला एक पावसाळा त्या पेठांमध्ये बायकापोरांसकट राहायला पाठवायला पाहिजे होतं. कुठली भिंत कधीही खाली येईल हे एका माणसाला कळायचं, तो ते दुसऱ्या शहरातल्या एका ऑफिसला कळवायचा, ऑफिस हात झटकून मोकळं व्हायचं, आणि त्या भिंतीला टेकून जेवायला बसणाऱ्यांना मात्र कुणी अवाक्षर सांगायचं नाही.

श्रीपालची बायको पद्मावती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तोंडानं फटकळ, पण एकदा बोलली की विषय मिटवणारी. ती एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "मग तुमी बघतासा कुणासाठी? भिंत पडली तर ती काय कंपनीच्या डोक्यावर पडणार हाय?"

"नियम हाय त्यो," श्रीपाल म्हणाला.

"नियम हाय म्हणून जेवण गोड लागतंय व्हय तुमाला?"

लागत नव्हतं. पण त्यानं तो नियम पाळला, साळोख्यांच्या घरात जाईपर्यंत.

शुक्रवार पेठेत नदीकडं उतरत जाणाऱ्या एका गल्लीत पिराजी साळोख्यांचं घर. पिराजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या पण आवाज अजून डेपोतला. मुलगा राजवर्धन उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर. सून वर्षाराणी घरी ब्लाऊज शिवायची, आणि तिचा हात इतका बसलेला होता की लग्नसराईत बायका तिच्याकडं रांग लावायच्या. नात अवंतिका तिसरीत. पिराजींची बायको पहिल्या पुराच्या आधीच गेली होती, आणि ते बरं झालं असं पिराजी म्हणायचे, नाहीतर पाण्यात गेलेली तिची भांडी बघून ती तशीही गेलीच असती.

श्रीपाल गेला तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता. घराला ताजा पोपटी रंग दिलेला. पिराजी दारातच उभे. "या या पावणं! या की आत. वर्षा, च्या टाक गं!"

पुढची खोली बरी होती. मधली बरी म्हणण्यासारखी होती. मागची खोली वर्षाराणीची, शिलाईची. एका खिडकीखाली मशीन, बाजूला कापडांची गाठोडी, आणि मागची भिंत तिच्या पाठीला लागून. श्रीपालनं त्या भिंतीवर हात ठेवला. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि भिंत गार होती. तो ठोकत खाली आला. कमरेच्या खाली आवाज बंद.

भिंत मुळात पांढऱ्या मातीची. दोनदा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. पहिल्या पुरानंतर पिराजींनी गवंडी लावून तिला आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारून घेतला होता, घर मजबूत करायचं म्हणून. तिथंच घात झाला होता. मातीची भिंत भिजते तशी वाळते, पण सिमेंटच्या दोन थरांत कोंडलेलं पाणी जाणार कुठं? दुसऱ्या पुरात ते परत शिरलं आणि आतच राहिलं. वरून भिंत छाती काढून उभी होती आणि आत नुसता चिखल होता. त्यात तिच्या डोक्यावर पत्र्याची खोली, आणि खोलीच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी.

मशीनचा आवाज थांबला होता. वर्षाराणी त्याच्याकडं बघत होती. श्रीपाल फोटो काढायला लागला तशी ती हळूच म्हणाली, "साहेब, काय झालंय तिला?"

"मी कंपनीला कळवीन. तुमाला पत्र यील."

"मला पत्र नगं. दिवसभर मी हिला पाठ लावून बसतीया. शाळंतनं आली की पोरगी हिथंच अभ्यास करती. मला नुसतं तोंडानं सांगा."

श्रीपालला पुढं कितीदा तरी वाटलं, की तिनं हे हात जोडून म्हटलं असतं तर आपण नियम सांगून सुटलो असतो. पण तिनं हात जोडले नव्हते. टाचणी तोंडात धरून, कापडावरचा हात न उचलता, साधं विचारावं तसं विचारलं होतं. तो म्हणाला, "भिंत गेलीया, ताई. आतनं संपलीया. ह्या पावसाळ्याच्या आत हितनं मशीन हालवा. ह्या खोलीत कुणी बसू नका, झोपू नका. वरची टाकी आधी उतरवा."

तेवढ्यात सुनेनं टाकून ठेवलेला चहा गाळून पिराजी स्वतःच ट्रे घेऊन आत आले. "काय खलबत चाललंय?"

"मामा, हे म्हणत्यात भिंत पडणार हाय," वर्षाराणी म्हणाली.

पिराजींनी भिंतीकडं पाहिलं, मग श्रीपालकडं. ट्रे पुढं केला. "आधी च्या घ्या."

"मी घेत नाही."

"मग दूध घ्या. घरचं हाय."

"नको."

"पानी तरी?"

"आहे माझ्याजवळ."

पिराजींनी ट्रे शिलाई मशीनवर ठेवला. आवाज उतरला होता, आणि डेपोतल्या माणसाचा आवाज उतरला की समजावं, आता काही खरं नाही. "च्या न्हाय, दूध न्हाय, पानी न्हाय. आन् म्हणं भिंत पडणार. पावणं, आमी बी बाहेर वावरलेली माणसं हाय. तुमाला काय पायजे ते सरळ बोला, मिटवून टाकू."

श्रीपालच्या कानशिलावर कुणी मारावं तसा तो लाल झाला. आयुष्यात ज्या गोष्टीपासून लांब राहायला त्यानं तहान मारली, तीच त्याच्या तोंडावर फेकली गेली होती. "मला काही नको," एवढंच तो म्हणाला आणि निघाला. पाठीमागं पिराजी सुनेला सांगत होते ते त्याला ऐकू आलं: "च्यावर भागणारं गिऱ्हाईक न्हवं त्ये. तोंड मोठं हाय त्याचं."

त्याचा अहवाल गेला आणि विमा नामंजूर झाला. पिराजींनी गल्ली डोक्यावर घेतली. कंपनीला फोन केला, पुन्हा केला, माणसानं पैशासाठी घर नापास केलं म्हणून तक्रार दिली. कंपनीच्या ऑफिसात मोहित नावाचा तरुण अधिकारी होता, त्यानं श्रीपालला बोलावून घेतलं. "चौगुले, पैसे मागितलेत असं मी म्हणत नाही. पण तुम्ही घरमालकाला निष्कर्ष सांगितलात हे खरं ना?"

"खरं आहे."

"मग माझ्या हातात काही राहत नाही." त्या गल्लीतली कामं श्रीपालकडून काढून घेतली गेली.

दुसरा माणूस गेला तो आदर्श. पोरगं वाईट नव्हतं हो. हसतमुख, नव्या दमाचं, भराभर काम उरकणारं. त्यानं साळोख्यांकडं दोनदा चहा घेतला, पोहे खाल्ले, वर पिराजींच्या मिशांचं कौतुक केलं. गिलावा गुळगुळीत होता, रंग ताजा होता, आणि फोनच्या कॅमेऱ्याला भिंतीचा गारवा लागत नाही. त्यानं मनापासून मंजुरीची शिफारस केली.

पॉलिसी आली त्या दिवशी पिराजींनी गल्लीत पेढे वाटले. पॉलिसीचा पहिला कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दाखवायचे. "कंपनीचा इंजिनेर येऊन तपासून गेला. घर पास झालं आपलं." आणि ऐकणारेही मान डोलवायचे. एवढी मोठी कंपनी, ती काय पडक्या घराचा विमा उतरवील? शाळेत पास होतात, गाडी पासिंगला जाते, तसं घर पास झालं. पास झालेलं घर पडत नाही, असं तिथं कुणी म्हटलं नाही, पण सगळे तसं धरून चालले.

वर्षाराणीनं मधल्या काळात मशीन पुढच्या खोलीत आणलं होतं. तिथं अडचण व्हायची. ब्लाऊजचं माप द्यायला बायका आल्या की पिराजींना उठून कट्ट्यावर जाऊन बसावं लागायचं. आता घर पास झाल्यावर त्यांनी राजवर्धनला सांगितलं आणि बापलेकांनी मशीन उचलून मागच्या खोलीत नेलं, त्याच जागी, त्याच भिंतीला.

त्याच दिवशी दुपारी श्रीपालला फोन आला. तिनं नंबर कुठून मिळवला कोण जाणे. मागं मशीनचा आवाज नव्हता.

"साहेब, मी साळोख्यांची वर्षाराणी. घर पास झालंय आमचं."

"ऐकलं मी."

"मग आता भिंत बरी झाली का?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच कुणीतरी सांगायला हवं होतं. "ताई, भिंत तीच हाय की. कागदानं भिंत वाळत न्हाय."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, पण हे म्हणत्यात मामांच्या फुडं आता त्यो विषय नगं. बघू. पोरीला तरी मी तिथं बसू देत न्हाय आता."

"तुमी बी बसू नका."

"बघू," ती परत म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी श्रीपाल स्वतःहून साळोख्यांच्या दारात गेला. कंपनीनं पाठवलेलं नव्हतं, हातात काही कागद नव्हता. पिराजी कट्ट्यावर बसले होते. त्याला बघून उठले नाहीत, पण हाकलूनही दिलं नाही. कोल्हापुरी माणूस दारात आलेल्याला हाकलत नाही. ते म्हणाले, "बसा. वर्षा, दोन कप च्या आण."

श्रीपाल बोलायला लागला. भिंत, माती, गिलावा, टाकी. पिराजींनी हात वर केला. "आधी च्या घ्या. मग काय सांगायचं ते सांगा, मी ऐकतो."

वर्षाराणीनं चहा आणून समोर धरला. तिचे डोळे श्रीपालवर होते. घ्या, असं ते सांगत होते, हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी त्याला फक्त ट्रेवरचा तो कप दिसत होता आणि 'सरळ बोला, मिटवून टाकू' हे ऐकू येत होतं. तो आता त्या घराचा तपासनीस नव्हता. त्याच्या हातात कसलाच काटा नव्हता. एक कप चहा घेतला असता तर बापानं वरून काही म्हटलं नसतं. पण मान त्याच्या ताब्यात राहिली नाही. "नको," तो म्हणाला. "मी घेत नाही."

पिराजींनी कप उचलला आणि त्यातला चहा कट्ट्याखाली गटारात ओतला. "माझ्या घरातलं पानी तुमाला चालत न्हाय, आन् माझ्या घराचं तुमी मला सांगतासा? जावा, पावणं. परत येऊ नगा."

पावसाळा लागला. त्या वर्षी पूर आला नाही. पाऊस मात्र आषाढभर भिंतींना धुऊन काढत राहिला. श्रीपाल दुसऱ्या पेठांमधून फिरायचा आणि रोज सकाळी पेपरात आधी गावातल्या पडझडीच्या बातम्या बघायचा. साळोखे हे नाव नसलं की मग चष्मा काढायचा. मग पाऊस उघडला. लख्ख ऊन पडलं, बायकांनी गाद्या वाळत घातल्या, लोक म्हणाले सुटलो. श्रीपाल त्या दिवशी घरीच येरझाऱ्या घालत होता. मातीच्या भिंती भर पावसात कमी पडतात, भिजून फुगलेल्या असतात तोवर एकमेकींना धरून असतात. ऊन पडलं की सुटतात.

ती भिंत दुपारी पडली. पिराजी कट्ट्यावर बसलेले, राजवर्धन कारखान्यात, अवंतिका शाळेत. वर्षाराणी मागच्या खोलीत मशीनवर होती. टाकीसकट वरची खोली खाली आली. गल्लीतल्या पोरांनी हातांनी माती उपसली. ती सापडली तेव्हा मशीनवर पालथी होती.

श्रीपालला संध्याकाळी कळलं. तो जेवला नाही. मग पद्मावतीला म्हणाला, "त्यानं ऐकतो म्हटलं होतं. मी त्यो च्या घेतला असता तर ऐकलं असतं त्यानं."

दुसरी एखादी बायको म्हणाली असती, तुमचा काय दोष. पद्मावतीनं नवऱ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "व्हय," ती म्हणाली. "ऐकलं असतं."

श्रीपाल मातीला गेला नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार? पण रक्षाविसर्जन झाल्यावर पिराजींनीच निरोप पाठवला, येऊन जा म्हणून. तो गेला तेव्हा दिवस कलला होता. घराच्या पुढचा पोपटी रंग तसाच होता. आत गेलं की मधल्या खोलीच्या दारातून थेट आभाळ दिसत होतं. पुढच्या खोलीत पणती तेवत होती. राजवर्धन भिंतीकडं तोंड करून बसलेला, आणि सतरंजीवर रडून रडून झोपलेली अवंतिका. पिराजींची दाढी वाढली होती. मिशा कुठं संपतात ते कळत नव्हतं.

"पावणं," ते म्हणाले, "आता उरलेलं घर बघा. आमी कुठं निजायचं तेवढं सांगा."

श्रीपालनं फोन बाहेर काढला नाही. त्यानं पुढच्या खोलीच्या भिंतीवर हात ठेवला, ठोकत खाली आला, आणि या वेळी जे कळलं ते तिथल्या तिथं, मोठ्यानं, त्या घरातल्या माणसांना सांगितलं. ही भिंत मधल्या तुळईनं मागच्या भिंतीला बांधलेली होती. मागची गेली, आता तुळई हिला ओढते आहे. इथं नको. मधल्या खोलीत तर पायच ठेवू नका. स्वयंपाकघराचा कोपरा फुगला आहे, तिथंही नको.

"म्हंजी कुठंच न्हाय," राजवर्धन म्हणाला.

"कुठंच न्हाय. आज रात्री सुद्धा न्हाय. समोरच्या शाळेत जावा, पावण्यांकडं जावा, पण पोरीला हिथं ठेवू नका."

पिराजींनी मान हलवली. ती नकाराची होती. "दहा दिवस पणती हाय हिथं. घर सोडून जायचं न्हाय. आन् नशिबातच असंल तर मानूस शाळंत बी मरतं. हे बी नशीबच की. तुमी सांगितलं हुतं, खरं हाय, पण पुन्ना कंपनीनं पास केलं. आमाला वाटलं घर पक्कं हाय. तिला बी तसंच वाटलं असंल. त्याच भरवशावर बसली बिचारी. भ्याली तरी न्हाय, तेवढंच एक समाधान हाय बगा."

श्रीपाल उभा होता. त्या म्हाताऱ्याच्या हातात उरलेली ती एकच गोष्ट होती आणि ती काढून घेणं म्हणजे कसायाचं काम, हे त्याला कळत होतं. त्यानं 'व्हय' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण झोपेत अवंतिका कुशीवर वळली आणि तिचा पाय भिंतीला लागला.

"न्हाय," तो म्हणाला. "तिला ठावं हुतं. घर पास झाल्यावर तिनं मला फोन केलता. भिंत बरी झाली का, म्हणून इचारलं. मी सांगितलं, तीच हाय. मला वाटलंच, म्हणाली. पोरीला तिथं बसू देत न्हाय, म्हणाली."

राजवर्धननं कपाळ भिंतीवर टेकलं आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या.

पिराजी दोन्ही हात टेकून उठले, पणती उचलून शेजारणीच्या हातात दिली, वाकून नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि घराबाहेर पडले.